समुद्र पश्चिमेला, ध्रुव उत्तरेला : राजापूरच्या किनाऱ्यावरील एका ट्रॅकरचे प्रकरण

पार्श्वभूमी

राजापूर तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका गावात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांचे आणि त्यांच्या ट्रॅकरचे, म्हणजे कॅमेरा ताऱ्यांच्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचे, हे प्रकरण आहे. गाव त्यांना गुरुजी म्हणते, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. गावाचे नाव त्यांच्याच इच्छेवरून गाळले आहे. मी या प्रकरणात मध्येच, म्हणजे पहिली रात्र फसल्यानंतर आलो, त्यामुळे सुरुवातीचा भाग त्यांच्या वहीवरून आणि त्यांनी जपून ठेवलेल्या फ्रेम्सवरून, म्हणजे छायाचित्रांवरून, लिहिला आहे.

गुरुजींकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि नंतर घेतलेली ५० मिलिमीटर एफ/१.८ ची लेन्स एवढे साहित्य होते. दोन हिवाळे ते साध्या ट्रायपॉडवर आकाश टिपत होते. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतात आणि एक्सपोजर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, लांबले की ठिपक्याची रेघ होते, हे त्यांना ठाऊक होते. ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने आणि सेन्सरच्या क्रॉप गुणकाने (पूर्ण आकाराच्या सेन्सरपेक्षा तो कितीपट लहान आहे त्या आकड्याने) भागण्याचा प्रचलित ठोकताळा ते वापरत. त्यांच्या कॅमेऱ्याला तो १८ मिलिमीटरवर १७ सेकंद आणि ५० मिलिमीटरवर जेमतेम ६ सेकंद देतो. सहा सेकंदांत आकाशगंगेतील धुळीचे काळे पट्टे नीट उमटत नाहीत आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवला की चित्र दाणेदार होते.

यावर उपाय म्हणून त्यांच्यासमोर तीन मार्ग होते. पहिला, लहान एक्सपोजरच्या शंभर-दीडशे फ्रेम्स घेऊन त्या सिक्वेटर किंवा सिरिल यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकमेकींवर रचणे. दुसरा, स्कॉटलंडमधील जॉर्ज हेग यांनी १९७० च्या दशकात प्रचारात आणलेला बिजागरीचा घरगुती ट्रॅकर बनवणे: दोन फळ्या, एक बिजागरी आणि एम-६ चा आटे पाडलेला दांडा. या दांड्याचे आटे एक मिलिमीटर अंतराचे असतात, म्हणून तो बिजागरीपासून सुमारे २२९ मिलिमीटरवर बसवून मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. तिसरा मार्ग म्हणजे तयार ट्रॅकर घेणे. गुरुजींनी पुण्यातील एका हौशी माणसाकडून वापरलेला ट्रॅकर घेतला. मला त्या वेळी विचारले असते तर मी पहिला मार्ग सुचवला असता, कारण त्याला उत्तर दिशा लागत नाही. ट्रॅकरला ती लागते, कारण त्याचा फिरण्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे, म्हणजे आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्या उत्तरेकडील बिंदूकडे, रोखावा लागतो; आणि पुढचे सगळे प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरते.

अडचण

पौष अमावास्येच्या आदल्या शनिवारी गुरुजींनी ट्रॅकर गावच्या पुळणीवर लावला. मृग नक्षत्र रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला उंच येते, म्हणून त्याचा पट्टा आणि खड्ग हा विषय त्यांनी निवडला. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२.८ वर, आयएसओ १६००, एक्सपोजर १२० सेकंद, अशा चौदा फ्रेम्स घेतल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्या छान दिसल्या. घरी येऊन संगणकावर शंभर टक्के मोठ्या करून पाहिल्यावर प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट निघाला.

ट्रॅकर बिघडलेला आहे असा निष्कर्ष काढून त्यांनी तो परत देण्याची बोलणी सुरू केली आणि त्याच आठवड्यात मला फ्रेम्स पाठवल्या. "मोटर सरकत असेल का बघा," एवढीच त्यांची विचारणा होती.

कारणाचा शोध

फ्रेम्स क्रमाने पाहिल्यावर त्यात दोन वेगवेगळे दोष मिसळलेले दिसले. पहिल्या चार फ्रेम्समध्ये ताऱ्याला मध्येच एक ठसठशीत वाकण होते, जणू ठिपका थोडा वेळ एका जागी थांबला आणि मग टुणकन दुसरीकडे गेला. पाचव्या फ्रेमपासून पुढे वाकण नव्हते; सरळ, एकसारखी, सुमारे सात पिक्सेल लांबीची रेघ होती. पहिला प्रकार वाळूचा. ट्रायपॉड ओलसर वाळूवर उभा होता आणि वरच्या वजनाने त्याचे पाय हळूहळू रुतत गेले. रुतून बसल्यावर हालचाल थांबली. दुसरा प्रकार मात्र शेवटपर्यंत टिकला, म्हणून खरा दोष तोच.

येथे थोडे गणित उपयोगी पडले. या कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे ३.७ मायक्रॉनचा असल्याने ५० मिलिमीटरच्या लेन्समागे एक पिक्सेल आकाशातील साधारण १५ विकला व्यापतो. सात पिक्सेल म्हणजे १०५ विकलांच्या आसपास. १२० सेकंदांत आकाश सुमारे १,८०० विकला फिरते. ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवापासून जितका ढळलेला असेल त्या कोनाच्या प्रमाणात या फिरण्याचा काही अंश चित्रात उतरतो. हिशेब केला तर अक्ष सुमारे साडेतीन अंशांनी चुकला होता. मोटर सूर्याच्या वेगावर राहिली असती तर दोन मिनिटांत पडणारा फरक पाच विकलांच्या आत, म्हणजे नजरेला न दिसणारा असता. उत्तर-दक्षिण गोलार्धाचे बटण उलटे असते तर रेघ दोनशे पिक्सेलांहून लांब झाली असती. मोटर निर्दोष होती.

रेघेची दिशाही बोलकी होती. मृग त्या वेळी याम्योत्तर वृत्ताजवळ, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ, होता आणि त्याचा पट्टा खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ लागूनच आहे. अशा जागचे तारे चित्रात दक्षिणेकडे सरकत असतील तर अक्ष ध्रुवाच्या पूर्वेला ढळलेला असतो, उत्तरेकडे सरकत असतील तर पश्चिमेला. उंचीतली चूक या ठिकाणी फारशी दिसत नाही. गुरुजींच्या फ्रेम्समध्ये तारे दक्षिणेकडे सरकले होते. म्हणजे अक्षाची उंची बरोबर असो वा नसो, दिशा नक्कीच पूर्वेकडे चुकलेली होती.

मी त्यांना विचारले, "गुरुजी, ध्रुव दिसला होता का?" थोड्या वेळाने उत्तर आले की ध्रुव दिसलाच नव्हता, दिशा मोबाइलच्या होकायंत्रावरून घेतली होती.

या उत्तराने मला नवल वाटले नाही. राजापूरचा अक्षांश १६.६ अंश, ध्रुव ताऱ्याची उंचीही तेवढीच. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, म्हणजे आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून दीड-पावणेदोन मुठींवर असतो. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक पुळणी दोन डोंगरांच्या सोंडांमध्ये अडकलेल्या आहेत, आणि गुरुजी उभे होते त्या जागेपासून उत्तरेकडची सोंड, तिच्यावरील झाडे धरून, दोन मुठी उंच होती. ध्रुव तिच्यामागे होता. युरोपातील किंवा अमेरिकेतील माणूस ध्रुव पन्नास-चाळीस अंशांवर पाहतो, म्हणून तेथे लिहिलेल्या सूचनांत "ध्रुव ताऱ्याकडे रोखा" या एका वाक्यात विषय संपतो. कोकणात तो संपत नाही.

होकायंत्राबद्दलही एक शब्द. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाच्या आतला आहे, त्यामुळे चूक पृथ्वीची नव्हती. मोबाइल ट्रॅकरला टेकवून धरला होता. आतली मोटर आणि ट्रायपॉडचे लोखंड दोन्ही वीतभर अंतरावर होते.

पुढे असलेले पर्याय

या टप्प्यावर गुरुजींनी चार पर्यायांचा विचार केला.

ट्रॅकर विकून टाकून लहान फ्रेम्स रचण्याकडे वळणे हा पहिला. मी त्याचा पुरस्कार केला नाही, कारण एव्हाना यंत्र घरात होते आणि ते चांगले होते. पुळण न सोडता जागा बदलणे हा दुसरा: दक्षिण टोकाला गेल्यास उत्तरेची सोंड दूर पडून खाली बसते आणि ध्रुव मोकळा होतो. परंतु त्या टोकाला खाडीचे मुख, जेट्टी आणि तिचे रात्रभर जळणारे दिवे आहेत. वाळूवर तर करवंट्या हाही उपाय होता. ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाखाली अर्धी करवंटी पालथी ठेवली तर रुतणे बरेच थांबते, हे गुरुजींनी अंगणात करून पाहिले होते.

तिसरा पर्याय ध्रुव न पाहता ताऱ्यांच्या सरकण्यावरून अक्ष जुळवण्याचा, म्हणजे ड्रिफ्ट पद्धतीचा. याम्योत्तर वृत्ताजवळचा एक तारा पाहून दिशा सुधारायची, मग पूर्वेकडचा तारा पाहून उंची सुधारायची. पूर्वेचा तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर आहे. ही पद्धत अचूक आहे. पण नवख्या माणसाचे तास-दीड तास घेते, आणि तोवर दव पडू लागते.

चौथा पर्याय सड्याचा. गावाच्या वर जांभ्याचा कातळसडा आहे. तेथे पाय रुतत नाहीत, उत्तर क्षितिजापर्यंत उघडी आहे आणि समुद्राचे खारे तुषार पोहोचत नाहीत. अडचणी वेगळ्या होत्या: समुद्र चित्रात येणार नाही, जमीन खासगी आहे, मोहोर-फळाच्या दिवसांत आंब्याच्या कलमांना राखणदार असतात, आणि कातळावर फुरशी हे विषारी साप असतात.

निर्णय सोपा झाला तो एका वेगळ्याच कारणाने. स्टेलेरियम या मोफत कार्यक्रमात गुरुजींनी फेब्रुवारी ते एप्रिलच्या पहाटा पाहिल्या तेव्हा लक्षात आले की वृश्चिक-धनु राशींमधला आकाशगंगेचा गाभा या महिन्यांत आग्नेयेला उगवतो आणि उजाडेपर्यंत फार तर दक्षिणेकडे पोहोचतो. समुद्रावर तो येतो तो पावसाळ्यानंतर, संध्याकाळच्या वेळी. म्हणजे कोरड्या हंगामात पुळणीवर उभे राहून त्यांना ना विषय समुद्रावर मिळत होता, ना ध्रुव दिसत होता. आम्ही किनाऱ्यावरची माणसे आकाश पाहायला निघालो की पाय आपोआप पुळणीकडे वळतात आणि तोंड पश्चिमेकडे. ट्रॅकर घेतल्यावर मात्र जागा उत्तरेकडे पाहून निवडावी लागते.

सड्यावरची तयारी

जमीन गुरुजींच्या चुलत काकांची होती, त्यामुळे परवानगीचा प्रश्न घरातच मिटला. तरीही त्यांनी पोलीस पाटलांना भेटून तारखा सांगितल्या. किनारपट्टीवर रात्री तीन पायांवर लांब नळी लावून तांबड्या दिव्यात काहीतरी करणारा माणूस दिसला की सागर सुरक्षेच्या दृष्टीने विचारपूस होणे साहजिक आहे, आणि ती आपण मोटर सुरू केल्यावर होण्यापेक्षा आधी झालेली बरी. शेजारच्या कलमांतल्या राखणदारालाही सांगून ठेवले. जागा ठरवण्यापूर्वी आसपास कातळशिल्प नाही ना, हे त्यांनी दिवसाउजेडी फिरून तपासले. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर ती कोठेही पायाखाली येऊ शकतात.

मग त्यांनी जे केले ते मला या प्रकरणातले सर्वांत समाधान देणारे काम वाटते. होकायंत्र बाजूला ठेवून त्यांनी शंकू लावला. सपाट कातळावर हातभर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली, तिच्या बुंध्याभोवती सुतळीने खडूचे वर्तुळ काढले, आणि सकाळी सावलीचे टोक आत येताना जेथे वर्तुळाला टेकले तेथे एक खूण केली, दुपारी बाहेर जाताना टेकले तेथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात काढलेली रेघ खरी उत्तर-दक्षिण. आपल्याकडे ही रीत प्राचीन सिद्धांतग्रंथांच्या काळापासून चालत आलेली आहे. सर्वांत आखूड सावली घड्याळाच्या बाराला नव्हे तर पावणेएकच्या थोडे पुढे पडली, याचे मदतीला आलेल्या नववीच्या मुलांना आश्चर्य वाटले. राजापूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून नऊ अंशांहून अधिक पश्चिमेला आहे आणि फेब्रुवारीत सूर्यही घड्याळाच्या तेरा-चौदा मिनिटे मागे असतो, हे त्यांना त्याच सावलीवर समजावता आले. मोबाइल त्या रेघेवर ठेवला तेव्हा ट्रायपॉडला लागून तो तीन अंश चुकीचा दाखवत होता आणि चार पावले दूर नेताच जवळजवळ बरोबर.

माघ अमावास्येची रात्र

रात्री अडीचला आम्ही दोघे सड्यावर पोहोचलो. चालताना पांढरी विजेरी, काम करताना तांबडी, असा नियम ठेवला होता. तांबड्या उजेडात डोळे अंधाराला सरावलेले राहतात, पण कातळाच्या रंगाचे फुरसे त्यात दिसत नाही. पायात गमबूट होते.

ट्रायपॉडचा एक पाय खडूच्या रेघेवर उत्तरेला ठेवला, पाणसळीने माथा समपातळीत आणला आणि वेज, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष तिरका धरणारा पाया, १६.६ अंशांवर कसला. ध्रुव पोलर स्कोपच्या, म्हणजे अक्ष रोखण्यासाठी ट्रॅकरला असलेल्या छोट्या दुर्बिणीच्या, नळीत पहिल्याच नजरेत सापडला, क्षेत्राच्या कडेला, पण सापडला. इतक्या कमी अक्षांशाला नळी जवळजवळ आडवी असते आणि डोळा लावायची जागा गुडघ्याच्या उंचीवर येते. गुरुजींनी गोणपाट अंथरून त्यावर पडून जुळणी केली. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे, त्यामुळे तो नळीच्या मधोमध आणायचा नसतो, त्या वेळेला वर्तुळावर तो जेथे असायला हवा तेथे बसवायचा असतो. मधोमध आणला तरी १८-२४ मिलिमीटरच्या लेन्सला फरक जाणवत नाही. ५० मिलिमीटरला दोन मिनिटांत एक-सव्वा पिक्सेल जाणवतो, १३५ ला साडेतीन.

पहिली चाचणीची फ्रेम १२० सेकंदांची घेतली आणि ज्येष्ठा दहापट मोठी करून पाहिली. ठिपका गोल होता. गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त दुसरी फ्रेम घेऊन तीही तशीच आहे ना ते पाहिले.

पुढचा तास मात्र दवाने घेतला. फेब्रुवारीत मतलई वारा (रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) सुटल्यावर आकाश निवळते. ज्या रात्री तो पडतो त्या रात्री दवाचे थेंब अक्षरशः गळतात. चार वाजता समोरची काच धुरकट झाली. गुरुजींनी घरून तव्यावर गरम केलेल्या तांदळाची पुरचुंडी आणली होती (ती बांधून घेताना "शेकायला कोण आजारी आहे?" असा प्रश्न त्यांना घरात विचारला गेला होता). ती लेन्सभोवती गुंडाळली आणि काच दहा मिनिटांत स्वच्छ झाली. पुरचुंडीने फोकसची कडी किंचित फिरवली, हे मात्र आमच्या दोघांच्याही लक्षात आले नाही. बारा फ्रेम्सपैकी पहिल्या तीन तेवढ्या टोकदार निघाल्या. उरलेल्यांत तारे गोल होते, पण फुगलेले.

फाल्गुन अमावास्या

मध्ये शिमगा झाला. पौर्णिमेचा चंद्र असल्याने पालखी आणि ट्रॅकर यांच्यात निवड करण्याची वेळ आली नाही. त्या पंधरवड्यात गुरुजींनी पॉवर बँकेवर चालणारा यूएसबीचा गरम पट्टा मागवला आणि फोकसच्या कडीवर इन्सुलेशन टेप लावण्याची सवय केली.

याच काळात एका मित्राने त्यांना १३५ मिलिमीटरची लेन्स देऊ केली होती आणि ती घ्यावी की नाही हा खरा पेच होता. त्या लेन्सला पिक्सेल जेमतेम सहा विकलांचा होतो, म्हणजे ५० मिलिमीटरला खपणारी चूक तेथे पावणेतीनपट दिसते. शिवाय वजन वाढल्यावर तोल साधणारे काउंटरवेट लागते, आणि आपल्या अक्षांशाला त्याची दांडी खाली झुकून ट्रायपॉडच्या पायाला घासते. गुरुजींनी ती नाकारली. मला हा त्यांचा सर्वांत प्रौढ निर्णय वाटतो, कारण मी स्वतः त्यांच्या वयात नाकारला नसता.

५० मिलिमीटरची चौकट या सेन्सरवर साधारण २५ बाय १७ अंशांची होते. ज्येष्ठेपासून धनु राशीतल्या मेसिए ८ या तेजोमेघापर्यंतचा पट्टा तिच्या लांबीत जेमतेम मावतो, म्हणून चौकट तिरकी लावली. सव्वादोन ते पाच या वेळात, चाचण्या आणि मधल्या तपासण्या वजा जाता, चोवीस फ्रेम्स मिळाल्या. दोन फ्रेम्स राखणदाराच्या विजेरीने गेल्या. तो बिचारा विचारायला आला होता की काही हवे आहे का. तीन उपग्रह आणि वाऱ्याच्या झोताने गेल्या. एकोणीस उरल्या, म्हणजे ३८ मिनिटांचा प्रकाश.

ट्रॅकर आकाशामागे फिरत असल्यामुळे जमीन पुसट होते, हे आधीच ठाऊक होते. साडेपाचच्या आत, पूर्वेला किंचित फटफटू लागताच, मोटर बंद करून त्याच जागेवरून कलमांच्या आणि मागच्या सह्याद्रीच्या कडेच्या तीन स्थिर फ्रेम्स घेतल्या आणि त्या नंतर आकाशाखाली जोडल्या. पश्चिमेला त्या वेळीही समुद्राच्या रेषेवर मासेमारीच्या दिव्यांचा पांढरा पट्टा होता. एलईडी दिव्यांनी मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातलेली आहे. उजेड दिसायचा राहिलेला नाही. आमचा कॅमेरा आग्नेयेकडे असल्याने या वेळी त्याने काही बिघडवले नाही.

परिणाम

रचलेल्या चित्रात ज्येष्ठेजवळचा पिवळसर धुरळा, तेथून आकाशगंगेकडे जाणारे काळे पट्टे आणि मेसिए ८ चा गुलाबी ठिपका स्पष्ट आले. कडेच्या ताऱ्यांना पंखासारखे टोक आले आहे, पण ते लेन्सचे आहे. खरा दोष सावल्यांमध्ये आहे: गडद भागांत तांबड्या-हिरव्या बारीक रेघा तिरक्या ओढल्यासारख्या दिसतात. मार्चअखेर सड्यावर रात्रीही पारा वीस अंशांच्या वर असतो, सेन्सर तापतो आणि त्याचे तप्त पिक्सेल प्रत्येक फ्रेमबरोबर थोडे थोडे सरकत जातात. लेन्सवर झाकण ठेवून त्याच एक्सपोजरच्या डार्क फ्रेम्स घेतल्या असत्या आणि दर तीन-चार फ्रेम्सनंतर चौकट किंचित हलवली असती, तर रचताना हा गोंगाट बराच गळला असता. या दोन्ही गोष्टी त्यांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

काय वेगळे करता आले असते

पौषातल्या त्या चौदा फ्रेम्सकडे मी पुन्हा गेलो. १२० सेकंदांत तारा सात पिक्सेल सरकला होता. ट्रॅकरशिवाय, ठोकताळ्याप्रमाणे घेतलेल्या सहा सेकंदांच्या फ्रेममध्येही विषुववृत्ताजवळचा तारा सहा पिक्सेल सरकतो; फक्त गुरुजींनी ती फ्रेम कधी शंभर टक्के मोठी करून पाहिली नव्हती. म्हणजे साडेतीन अंश चुकलेल्या ट्रॅकरनेही त्यांना तेवढ्याच दोषात वीसपट प्रकाश दिला होता. त्याच रात्री, त्याच जागी, एक्सपोजर ३० सेकंदांवर आणले असते तर रेघ दोन पिक्सेलांच्या आत आली असती आणि मृगाचे बरे चित्र पदरात पडले असते. यंत्र परत करण्याची बोलणी सुरू करण्यापूर्वी एक्सपोजर चौथाईवर आणून पाहणे, ही सर्वांत स्वस्त चाचणी होती. ती आम्हा दोघांनाही वेळेत सुचली नाही.

दुसरी गोष्ट, पहिल्या रात्री ५० ऐवजी १८ मिलिमीटरने सुरुवात व्हायला हवी होती. तेथे पिक्सेल ४० विकलांहून मोठा होतो आणि होकायंत्राची चूकही फार तर अडीच-तीन पिक्सेलांची रेघ दाखवते. नवख्या माणसाचा धीर टिकतो. ध्रुव कोठे दिसतो हे दिवसा मुठीने मोजून पाहणे तर काही मिनिटांचे काम होते. माघातल्या रात्री मीही चुकलो. दव येणार हे ठाऊक असताना पुरचुंडी बांधल्यावर फोकस पुन्हा तपासायला मी सांगायला हवे होते, कारण नऊ फ्रेम्स गेल्या त्या त्या एका विसरण्यात.

सड्याची निवड मात्र मी बदलली नसती, जरी तिने समुद्र चित्राबाहेर ठेवला. त्यावर गुरुजींचे अजूनही वेगळे मत आहे. भाद्रपद अमावास्येला रात्री आठच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा नैर्ऋत्येला समुद्राच्या बाजूला कलतो, आणि सड्याच्या पश्चिम कडेवरून खालचे पाणी दिसते, हे त्यांनी स्टेलेरियममध्ये आणि प्रत्यक्ष जाऊन दोन्ही प्रकारे पाहून ठेवले होते. पावसात खडूची रेघ टिकणार नाही म्हणून मे महिन्यात त्यांनी ती कडेच्या बाजूला शंकू लावून पुन्हा काढली आणि गावातल्या पाथरवटाकडून तिच्यावर टाकीने वीतभर खाच मारून घेतली. पाऊस ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा खाचेत शेवाळ भरले होते. गुरुजींनी काडीने ते खरवडून काढले, ट्रायपॉडचा पाय टेकवला आणि पश्चिमेला ढगांची एक पट्टी उरली होती ती सरकायची वाट पाहत गोणपाटावर बसले.